आयटीआय ते अभियंता : वाट आहे, गणित अडते

दहावीचा निकाल लागला की गोव्यातील घराघरांत एक जुना समज पुन्हा डोके वर काढतो. आयटीआय किंवा तंत्रनिकेतनात नाव घातले म्हणजे पदवीवर पाणी सोडले, असा तो समज. नियम पाहिले तर तो निराधार आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम उत्तीर्ण झालेल्यास पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो आणि पदविकेत किमान ४५ टक्के गुण (राखीव गटांसाठी ४०) मिळवणाऱ्यास अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षात. बारावीमार्गे पदवी घेण्यास दहावीनंतर ६ वर्षे लागतात, तंत्रनिकेतनामार्गेही ६, आणि आयटीआयपासून सुरुवात केली तर ७. त्या एका जादा वर्षाच्या मोबदल्यात फिटर वा इलेक्ट्रिशियनचा दाखला आणि पदविका अशा दोन गोष्टी हाती लागतात; घरच्या अडचणीने मध्येच थांबावे लागले तरी पोटापाण्याची सोय झालेली असते.

मग अडते कुठे? प्रवेशात नव्हे, तिसऱ्या सत्रात. पदविकेचा विद्यार्थी पदवीच्या वर्गात येतो तेव्हा शेजारच्या बाकावरील मुलांनी अकरावी-बारावीचे आणि पहिल्या वर्षाचे गणित पुरे केलेले असते. याने यंत्र खोलून जोडलेले असते, आराखडा वाचता येतो, प्रयोगशाळेत तो चार पावले पुढेच असतो. पण फळ्यावरचे समाकलन त्याच्या डोक्यावरून जाते. पदविकेतही गणित असते, मात्र ते वापरापुरते. सिद्धतेची सवय तिथे लागत नाही. त्यात आयटीआयच्या कार्यशाळेत मराठी-कोंकणीतून विषय समजून घेतलेल्या मुलाला आता जाडजूड इंग्रजी ग्रंथ वाचायचे असतात. अशा मुलाचा विषय राहिला की दोष त्याच्या कुवतीला दिला जातो, हे अन्यायाचे आहे.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेला ही अडचण ठाऊक नाही असे नाही. वेगवेगळ्या पार्श्वभूमीतून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठांनी गणित, भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी आरेखन यांचे सेतू अभ्यासक्रम द्यावेत, असे तिच्या पात्रता-नियमांतच नमूद आहे. पण पदविकेची परीक्षा राज्याचे तंत्रशिक्षण मंडळ घेते, तर पदवी विद्यापीठाची. दोहोंच्या मधली फट ही कोणाचीच जबाबदारी ठरत नाही. पदविकेचा निकाल आणि पदवीचे वर्ग यांच्या मधल्या थोड्या आठवड्यांत घाईघाईने उरकलेले वर्ग कामाचे नाहीत. पुढे शिकू इच्छिणाऱ्यांसाठी हे गणित पदविकेच्या शेवटच्या वर्षातच, तंत्रनिकेतनांतच शिकवले पाहिजे. आल्तिनो, मये आणि काकोडा येथील सरकारी तंत्रनिकेतनांत ते सुरू करण्यासाठी नव्या इमारती लागणार नाहीत. गणिताचे चार चांगले शिक्षक लागतील.

नोकरीत शिरलेल्यांची गोष्ट याहून बिकट. एकेकाळी पदविकाधारक फोरमन रात्री अभ्यास करून एएमआयईच्या परीक्षा देत आणि अभियंता होत. पदवीशी समकक्षतेची ती मान्यता ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी केलेल्यांपुरतीच उरली. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांच्या दूरशिक्षणातील अभियांत्रिकी पदव्यांना चाप लावला. तो योग्यच होता, कारण अभियंता टपालाने घडत नाही. नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत वर्ग चालवण्याची मुभा परिषदेने आता महाविद्यालयांना दिली आहे. किमान वर्षभराचा अनुभव आणि कामाचे ठिकाण संस्थेपासून ठरावीक अंतराच्या आत, अशा तिच्या अटी आहेत. गोव्याएवढ्या राज्यात अंतराची अट फारशी कोणाला अडवणार नाही. अडवेल ती पाळी. वेर्णा किंवा कुंडईच्या कारखान्यात आठवड्याला पाळी बदलणाऱ्या कामगाराला संध्याकाळचा एकच ठरलेला वर्ग निरुपयोगी आहे. त्यासाठी कारखान्याने पाळी निश्चित करून द्यावी लागेल, आणि ते उद्योगांकडून लेखी घेण्याचे काम महाविद्यालयाच्या प्राचार्यांचे नसून तंत्रशिक्षण आणि उद्योग या दोन खात्यांचे आहे.