उसनी हुशारी

डायना विन जोन्स या इंग्रज लेखिकेची ‘चार्म्ड लाइफ’ ही बालकादंबरी १९७७ साली निघाली आणि पुढच्याच वर्षी तिला गार्डियन पुरस्कार मिळाला. असली जादूटोण्याची पुस्तके मुलांच्या हाती द्यावीत काय, असे विचारणाऱ्या शिक्षकबंधूंनी ती आधी स्वतः वाचावी.

दोन पोरकी भावंडे. थोरली ग्वेंडोलेन जादूत तरबेज, म्हणून सर्वांच्या कौतुकाचा विषय. धाकट्या कॅटला साधा मंत्रही जमत नाही. अखेरीस उघड होते ते असे की, बहिणीची मोठी किमया भावाच्याच शक्तीवर चालली होती आणि त्यापायी त्याच्या नऊ आयुष्यांपैकी काही खर्ची पडली होती. नऊ आयुष्ये कशी? लेखिकेच्या सृष्टीत एकाच माणसाची प्रतिरूपे निरनिराळ्या जगांत नांदतात. ज्याला अन्यत्र प्रतिरूपच नाही, त्या एकट्याच्या ठायी सर्वांचे बळ एकवटते. कल्पना मोठी नामी खरी. पण आम्हांस बोचते ती दुसरीच गोष्ट. मुलाची शक्ती वाड्यातील जाणत्यांच्या ध्यानात आली होती. त्यालाही ती ठाऊक असणारच, असे गृहीत धरून कोणी त्याच्यापाशी शब्द काढला नाही. थोरल्या भावंडाचा दाखला देऊन धाकट्याच्या प्रगतिपुस्तकावर ‘सामान्य’ असा शेरा मारणाऱ्यांनी हे प्रकरण पुन्हा वाचावे. कळते तेव्हा कॅटला आनंद होत नाही. बहीण दुरावली, याचेच त्याला रडू येते.