व्हिसा मिळाला, तर जग सायकलवर!

मुंबई-पुण्यातला सायकलवाला ग्रुप एकदा तरी पोलादपूर गाठतोच. तिथून कापडे गावाच्या बाजूने आंबेनळी घाटाला लागायचं आणि महाबळेश्वर गाठायचं. साधारण 40 किलोमीटर. जवळजवळ समुद्रसपाटीपासून निघून 1,372 मीटरवर! वर पोचल्यावर स्ट्रॉबेरी विथ क्रीम, फोटो आणि सोमवारी ऑफिसात हीरोगिरी. त्यात वाईट काहीच नाही हो, मांड्यांना विचारा. पण तो घाट चढल्यावर कुणी म्हणालं, ‘चला, आज अजून 260 बाकी आहेत, आणि उद्याही हेच,’ तर?

पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने 2018 मध्ये असे दिवस काढले. वय वर्षं 20. इंग्लंडमध्ये बोर्नमथला शिकत होती. जुलैमध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून निघाली आणि 14 देशांतून 159 दिवसांत सुमारे 29,000 किलोमीटर सायकल चालवली. काही दिवशी 300 किलोमीटरपर्यंत. कॅनडात अस्वल मागे लागलं. स्पेनमध्ये चाकूच्या धाकावर लुटलं. रशियात बर्फातल्या रात्री एकटीने काढल्या.

अस्वल आणि चाकू आपल्या सगळ्यांच्या लक्षात राहतो. माझ्या मते या गोष्टीतला खरा व्हिलन वेगळाच आहे, आणि तो तुमच्या-माझ्या चांगलाच ओळखीचा आहे. व्हिसा!

बघा ना, शेंगेनचा व्हिसा काढायचा तर आधी प्रवासाची तारीखवार आखणी द्या, राहायचं कुठे ते सांगा, 30,000 युरोचा इन्शुरन्स दाखवा. रशियाच्या व्हिसावर तर आत यायची आणि बाहेर पडायची तारीख छापलेली. आता सायकलवाल्या माणसाला कसं सांगता येणार, की मी अमुक तारखेला अमुक सीमेवर असेन? समोरून वारा आला की गणित कोलमडलं. आणि वाटेत दुसऱ्याच देशातून अर्ज करायचा तर बहुतेक वकिलाती म्हणतात, तुम्ही जिथे राहता तिथून करा. वेदांगीचे व्हिसा रखडले. परिणाम काय, तर युरोपचा टप्पा नेमका कडाक्याच्या थंडीत आला. प्रवासात तिने उणे 20 अंशही पाहिले.

त्याच वर्षी स्कॉटलंडच्या जेनी ग्रॅहमने 124 दिवसांत जगप्रदक्षिणा केली आणि महिलांचा विक्रम तिच्या नावावर गेला. फरक 35 दिवसांचा. तो सगळा पासपोर्टच्या रंगामुळे पडला असं मी म्हणणार नाही. जेनी 38 वर्षांची, मुरलेली सायकलपटू होती. पण असल्या विक्रमात घड्याळ थांबत नाही. विमानात बसलात तरी चालू, वकिलातीबाहेर बसलात तरी चालूच.

घड्याळ न लावताही हे करता येतं म्हणा! 15 ऑक्टोबर 1923 ला मुंबईहून 6 पारशी तरुण सायकलवर निघाले. त्यातले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे 1928 च्या मार्चमध्ये जगाला वळसा घालून परतले. सुमारे 71,000 किलोमीटर, साडेचार वर्षं. बाकीच्यांचा बेत वाटेतच बदलला. आज साडेचार वर्षांची रजा मागून बघा एचआरकडे!

वेदांगीने मात्र घड्याळ लावूनच निघायचं ठरवलं होतं. 23 डिसेंबर 2018 ला पहाटे कोलकात्यात तिचा ठरलेला आकडा पुरा झाला. आईवडिलांकडे पुण्याला जाणं तिथून किती सोपं! पण प्रदक्षिणा जिथे सुरू झाली तिथेच संपवायची होती. त्यासाठी पुन्हा पर्थ. शेवटचे 15 किलोमीटर तिथे बाकी ठेवले होते.