घराण्यातला आजार लपवू नका

"आमच्या घराण्यात हा रोग कुणालाच नव्हता," मोठ्या आतड्याचा कर्करोग झालेल्या बेचाळीस वर्षांच्या रुग्णाचा थोरला भाऊ मला ठामपणे सांगत होता. बरोबर आलेल्या आत्याबाई मात्र खाली मान घालून बसल्या होत्या. भाऊ औषधे आणायला गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, आमचे वडील पोटातल्या गाठीनेच गेले. बहिणीला गर्भाशयाचा कॅन्सर होता. पण घरात लग्नाच्या मुली आहेत, म्हणून कुणी बोलत नाही."

वाचकहो, हे मौन जिवावर बेतते.

१८९५ साली अमेरिकेतील मिशिगनमध्ये शिवणकाम करणाऱ्या एका बाईने डॉ. वॉर्थिन यांना सांगितले होते, की आमच्या घरची माणसे पोटाच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाने जातात. मीही तशीच जाणार. दुर्दैवाने तसेच झाले. वॉर्थिन यांनी त्या घराण्याची हकीकत १९१३ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे डॉ. हेन्री लिंच यांनी अशा घराण्यांचा पिच्छा पुरवला आणि १९९३-९४ मध्ये सदोष जनुके सापडली. आई किंवा वडिलांत हा दोष असेल, तर प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते.

आतड्याच्या शंभर कर्करोगांपैकी साधारण तीनच या दोषामुळे होतात, म्हणून सर्वांनी घाबरण्याचे कारण नाही. पण अशा घरातील निरोगी माणसांनी नियमितपणे दुर्बिणीतून तपासणी करून घेतल्यास पॉलिप वेळीच काढता येतात. रुग्णालाही फायदा होतो. २०२२ मध्ये न्यूयॉर्कमधील डॉक्टरांनी गाठीत असा दोष असलेल्या गुदाशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांना प्रतिकारशक्ती जागवणारे औषध दिले. उपचार पूर्ण केलेल्या पहिल्या १२ जणांच्याही गाठी शस्त्रक्रियेविना नाहीशा झाल्या. हे औषध फार महाग आहे, हे खरे. पण गाठीच्या तुकड्यावर या दोषाची 'एमएमआर' तपासणी करा, एवढे डॉक्टरांना सांगणे अवघड नाही.

आम्हा डॉक्टरांनीही तीन पिढ्यांची चौकशी केल्याशिवाय केसपेपर मिटू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आत्याबाई बोलल्या म्हणून थोरल्या भावाची तपासणी झाली. दोन पॉलिप सापडले, ते काढले. मुलींची लग्ने जमावीत म्हणून आजार लपवायचा आणि त्याच मुलींना तपासणीपासून दूर ठेवायचे, यात त्यांचे कसले हित? आज घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसा. कोण, कशाने, कितव्या वर्षी गेले, ते वहीत लिहून ठेवा.