हाऊजी घरची, बिंगो कंपनीचा

इथे ब्रिटनमध्ये ऑनलाइन बिंगो पाहिला की आपल्या माणसाला वाटतं, अरे, ही तर आपली हाऊजी! तिकीट खरंच तेच: ९० आकडे, त्यातले १५ आपले. हिशोब मात्र वेगळा.

घरच्या हाऊजीत जमलेले सगळे पैसे बक्षिसांत जातात. कंपनी आधी स्वतःचा वाटा काढते. समजा, १० पेन्सची १०० तिकिटं खपली. जमा १० पौंड, बक्षिसं साडेसात पौंडांची. म्हणजे तिकिटामागे सरासरी अडीच पेन्स गेलेच; कपात २५ टक्के. एका शून्याच्या रुलेटमध्ये ती २.७ टक्के असते. जास्त तिकिटं घेतली की जिंकण्याची शक्यता वाढते, पण सरासरी तोटाही त्याच पटीत वाढतो.

'फुकट' बोनसचंही तसंच. १० पौंडांच्या बोनसवर चारपट खेळायची अट असेल, तर ४० पौंडांची तिकिटं घ्यावी लागतात. त्यातले २५ टक्के म्हणजे १० पौंड. संपला बोनस!

यात लबाडी लागतच नाही. मी सॉफ्टवेअरवाला म्हणून सांगतो, आकडे काढणारा प्रोग्राम अगदी चोख असला तरी हा हिशोब बदलत नाही. ब्रिटनने एप्रिल २०२० पासून जुगारासाठी क्रेडिट कार्ड बंद केलं, ते योग्यच. आता तिकिटाच्या किमतीशेजारीच कंपनीचा वाटाही ठळक दाखवायला लावावा.

करमणूक म्हणून खुशाल खेळा. पण ते पैसे सिनेमाच्या तिकिटासारखे खर्चात धरा. कमाईच्या आशेने नको.