नाउरूच्या छावणीत बाहेरच्यांना मज्जाव

परदेशी पत्रकाराने प्रवेशपत्रासाठी किती शुल्क भरावे, हा प्रश्न एरवी कोणाच्या चर्चेचा विषय होत नाही. परंतु पॅसिफिक महासागरातील नाउरू या अवघ्या २१ चौरस किलोमीटरच्या प्रजासत्ताकाने २०१४ च्या प्रारंभी हे शुल्क २०० ऑस्ट्रेलियन डॉलरांवरून एकदम ८,००० वर नेले आणि अर्ज फेटाळला गेला तरी रक्कम परत मिळणार नाही, अशी अट घातली. यामागे केवळ महसूलवाढीचा हेतू होता असे मानणे भाबडेपणाचे होईल. किंमत नेहमी माल खपवण्यासाठीच ठरवली जाते असे नाही. गिऱ्हाइकाने दुकानाची पायरी चढू नये म्हणूनही ती ठरवता येते.

नाउरूची दौलत म्हणजे फॉस्फेट. ते खणून संपत आले, तिजोरी रिकामी झाली, आणि २००१ मध्ये ऑस्ट्रेलियाने बोटींतून येणाऱ्या आश्रयार्थींना आपल्या भूमीऐवजी या बेटावर ठेवण्याची योजना पुढे केली. २००८ मध्ये गुंडाळलेली ही योजना २०१२ मध्ये पुन्हा सुरू झाली. पैसा ऑस्ट्रेलियाचा, भूमी नाउरूची, व्यवस्था खासगी कंत्राटदारांची! अशा त्रिस्थळी कारभारात जबाबदारी नेमकी कोणाची, याचा पत्ता लागणे कठीणच.

सामान्य बाजारात माल वाईट निघाला तर ग्राहक दुसरे दुकान गाठतो. येथे पैसे मोजणारा कॅनबेऱ्यात बसलेला, सेवा घेणारा बेटावर अडकलेला, आणि त्याला दुसरे दुकानच नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१६ व २०१७ मध्ये या कंत्राटांच्या व्यवहारातील गंभीर उणिवा दाखवल्या खऱ्या. पण लेखापरीक्षक कागद पाहतो, माणसे नव्हेत. माणसे पाहायला बाहेरचा डॉक्टर, वकील किंवा वार्ताहर आत जावा लागतो.

नेमके तेच नको होते. २०१५ च्या ऑस्ट्रेलियन सीमादल कायद्याने, छावणीत काम करताना कळलेली माहिती परवानगीविना बाहेर सांगणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद केली. डॉक्टरांच्या एका संघटनेने न्यायालयात आव्हान दिल्यावर २०१६ मध्ये वैद्यकीय व्यावसायिकांना त्यातून वगळण्यात आले. शिक्षकांना मात्र हे भाग्य लगेच लाभले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘द गार्डियन’ने छावणीतील दोन हजारांहून अधिक घटनानोंदी प्रसिद्ध केल्या आणि ती मूठ उघडली. त्यांतील निम्म्याहून अधिक नोंदी मुलांसंबंधीच्या होत्या.

‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेचा अनुभव तर अधिकच बोलका आहे. नाउरू सरकारशी करार करून तिने २०१७ च्या अखेरीस तेथे मानसोपचार सुरू केले. सुमारे अकरा महिन्यांनी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, तिच्या सेवेची आता गरज उरली नाही असे सांगून २४ तासांत काम थांबवण्यास फर्मावण्यात आले. संस्थेने पुढे जाहीर केलेल्या अहवालानुसार, तिने उपचार केलेल्या २०८ निर्वासित व आश्रयार्थींपैकी १२४ जणांच्या मनात आत्महत्येचे विचार येत होते आणि ६३ जणांनी तसा प्रयत्न केला होता. गरज उरली नव्हती ती कोणाला, हे आकडेच सांगतात.

आश्रयार्थींची ओळख उघड झाल्यास मायदेशी त्यांच्या आप्तांना धोका पोचू शकतो, ही शंका खोटी नाही. युरोपीय संघाच्या २०१३ च्या स्वागतव्यवस्थाविषयक निर्देशाने तिची दखल घेतली; पण आधी निवासस्थानी नातेवाईक, कायदासल्लागार आणि स्वयंसेवी संस्था यांचा प्रवेश मान्य केला आणि तेथील सुरक्षेच्या कारणापुरतीच मर्यादा घालू दिली. युरोपातही पळवाटा निघाल्या, ही गोष्ट वेगळी. तरी तेथे प्रवेश हा नियम आणि नकार हा अपवाद, आणि नकाराचे कारण सरकारने द्यायचे. नाउरूत हा क्रम उलटा झाला.

२०२३ च्या जूनमध्ये बेटावरील उरलेले निर्वासित ऑस्ट्रेलियात आणले गेले. सप्टेंबरपासून नवे आश्रयार्थी पुन्हा तिकडे धाडले जाऊ लागले. बेटावर कोणाला येऊ द्यावे हा अधिकार नाउरूचा, हे मान्य. पण खर्चाची थैली ज्याच्या हाती, त्याला स्वतंत्र डॉक्टर, वकील व वार्ताहर यांचा प्रवेश ही कराराचीच अट करता येते. तशी मागणी करण्याचा हक्क ज्यांच्या करातून ही थैली भरते त्या ऑस्ट्रेलियन नागरिकांनाही आहे.