चाकांवर विश्वविजेते, बर्फावर रिकाम्या हाती: हिवाळी खेळांत भारताला पदक का मिळत नाही आणि नगरच्या स्केटिंगपटूंचा त्याच्याशी काय संबंध?

राज्यातलं सर्वांत उंच शिखर अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. अकोले तालुक्यातल्या कळसूबाईची उंची १६४६ मीटर. थंडीत तिथे पहाटे हात बधिर होतात, पण बर्फ काही पडत नाही. गुलमर्गचा बर्फाळ उतार त्याहून सुमारे हजार मीटर उंचावर सुरू होतो. खेळांत नगरचं नाव निघतं ते कुस्तीच्या आखाड्यामुळे, श्रीरामपूरच्या झहीर खानमुळे आणि संगमनेर तालुक्यातल्या अजिंक्य रहाणेमुळे. अशा जिल्ह्याने हिवाळी ऑलिम्पिकचा विचार कशाला करायचा?

कारण २०२५ मध्ये भारताच्या वाट्याला आलेले निकाल एकत्र मांडले, तर त्यांतून बर्फ न पडणाऱ्या गावांकडे बोट दाखवणारी एक गोष्ट समोर येते.

आधी निकाल पाहू. फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनमधल्या हार्बिन शहरात आशियाई हिवाळी क्रीडा स्पर्धा झाल्या. भारताने ५९ खेळाडू पाठवले. पदक एकही मिळालं नाही. या स्पर्धांच्या इतिहासात भारताची पदकांची पाटी आजवर कोरीच आहे. हिवाळी ऑलिम्पिकमध्येही तसंच.

त्यानंतर मार्चमध्ये इटलीतल्या तुरिनमध्ये स्पेशल ऑलिम्पिक्सच्या हिवाळी जागतिक स्पर्धा झाल्या. तिथे भारताने ३३ पदकं आणली: ८ सुवर्ण, १८ रौप्य, ७ कांस्य. जूनमध्ये महिलांच्या आइस हॉकी संघाने संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन इथे आशिया चषकात कांस्यपदक मिळवलं. या संघातल्या बहुतेक मुली लडाखच्या, गोठलेल्या तळ्यांवर खेळायला शिकलेल्या. सप्टेंबरमध्ये तर कमालच झाली. चीनमध्येच झालेल्या जागतिक स्पीड स्केटिंग स्पर्धेत तमिळनाडूच्या आनंदकुमार वेलकुमारने १००० मीटर आणि ४२ किलोमीटर मॅरेथॉन अशी दोन सुवर्णपदकं जिंकली, ५०० मीटरमध्ये कांस्यही घेतलं. फरक एवढाच, की ही शर्यत चाकांच्या स्केट्सवरची होती. ऑलिम्पिकमध्ये या खेळाला स्थान नाही.

मग तुरिनची ३३ पदकं कशी आली?

समाजमाध्यमांवर ही पदकं आणि हार्बिनचं शून्य शेजारी ठेवून 'बघा, हे जमतं आणि ते नाही' असे टोमणे मारले गेले. ही तुलना चुकीची आहे. स्पेशल ऑलिम्पिक्स ही बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या खेळाडूंची स्पर्धा. तिथे आधी प्राथमिक फेऱ्या घेऊन साधारण सारख्या क्षमतेच्या खेळाडूंचे छोटे गट पाडतात आणि प्रत्येक गटाला स्वतंत्र पदकं देतात. त्यामुळे पदकांची संख्या मुळातच जास्त असते. याचा अर्थ ती पदकं हलकी आहेत असा अजिबात नाही. भारतीय खेळाडूंनी २०१७ मध्ये ऑस्ट्रियातही मोठं यश मिळवलं होतं. पण हार्बिनच्या मोजपट्टीने त्यांना मोजता येत नाही, आणि त्यांच्या मोजपट्टीने हार्बिनलाही नाही.

खरी तुलना करायची तर हार्बिनची आणि वेलकुमारच्या सुवर्णाची. दोन्हीकडे पायांची ताकद तीच, वाकून धावण्याची पद्धत तीच, वळणावर डावीकडे पाऊल ओलांडून टाकण्याचं तंत्रही तेच. पाय डांबरावर आहेत की बर्फावर, एवढ्यावर एकीकडे विश्वविजेतेपद आणि दुसरीकडे शून्य.

१६ खेळाडू, पण स्केटर एकही नाही

भारत हिवाळी ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा उतरला तो १९६४ साली, ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये. खेळाडू एकच: जेरेमी बुजाकोवस्की, मूळचा पोलंडचा. तेव्हापासून २०२२ च्या बीजिंगपर्यंत भारताकडून या ऑलिम्पिकमध्ये उतरलेले सगळे खेळाडू मोजले तर ते भरतात १६. साठ वर्षांत सोळा! एका क्रिकेट दौऱ्याला याहून जास्त माणसं विमानात बसतात.

या सोळांपैकी बहुतेकजण उतारावरच्या स्कीइंगचे, काही क्रॉस-कंट्री स्कीइंगचे आणि एक ल्यूजचा. आइस स्केटिंगमध्ये एकही नाही. म्हणजे जिथे बर्फ पडतो तिथलेच खेळाडू आपण पाठवत राहिलो. ते गेले, जिद्दीने खेळले. काश्मीरच्या तंगमार्गजवळचा आरिफ खान बीजिंगमध्ये जायंट स्लालममध्ये ४५ वा आला, स्लालममध्ये शर्यत पूर्ण करू शकला नाही. त्या वर्षी गलवानमधल्या चिनी सैनिकाच्या हाती मशाल दिल्यामुळे भारताने उद्घाटनावर राजनैतिक बहिष्कार टाकला होता. अख्ख्या देशाचा एकच खेळाडू मैदानात, आणि बातम्या मात्र मशालीच्या.

पण उतारावरच्या स्कीइंगमध्ये ऑस्ट्रिया किंवा स्वित्झर्लंडच्या मुलांना गाठणं फार अवघड आहे. ती मुलं तीन वर्षांची असल्यापासून बर्फावर असतात आणि वर्षातले कितीतरी महिने त्यांना हिमनद्यांवर सराव मिळतो. गुलमर्ग आणि औलीचा हंगाम जेमतेम दोन-तीन महिन्यांचा.

तो एकमेव ल्यूजपटू म्हणजे मनालीजवळच्या वशिष्ठचा शिवा केशवन. त्याची सुरुवात बर्फावर झालीच नाही. एक ऑस्ट्रियन प्रशिक्षक भारतात शोध शिबिर घ्यायला आला होता, चाकं लावलेली घसरगाडी घेऊन. त्यात हा मुलगा निवडला गेला आणि १९९८ मध्ये सोळाव्या वर्षी नागानो ऑलिम्पिकमध्ये उतरला. पुढे सहा ऑलिम्पिक. देशात ल्यूजचा ट्रॅक नाही म्हणून तो हिमाचलच्या घाटरस्त्यांवर ट्रक आणि जीपगाड्यांच्या मधून चाकांवर सराव करायचा. २००६ च्या तुरिन ऑलिम्पिकमध्ये तो २५ वा आला.

चाकांवरून बर्फावर जाता येतं का?

येतं. त्याचा सर्वांत ठसठशीत पुरावा अमेरिकेतल्या फ्लोरिडात आहे. ओकाला हे तिथलं एक मध्यम शहर, हवा आपल्या कोकणासारखी दमट. बर्फाचा पत्ता नाही. तिथल्या रोलर स्केटिंग क्लबमधून एरिन जॅक्सन, ब्रिटनी बो आणि जोई मँटिया हे तिघे निघाले. जॅक्सन बर्फावर सुमारे चार महिने सराव करून २०१८ च्या हिवाळी ऑलिम्पिकला पात्र ठरली, तिथे २४ वी आली. चार वर्षांनी बीजिंगमध्ये ५०० मीटरचं सुवर्णपदक तिचं होतं. निवड चाचणीत तिचा पाय अडखळला होता. तेव्हा आपली जागा तिला सोडून देणारी ब्रिटनी बो त्याच गावची. बेल्जियमचा बार्ट स्विंग्सही मूळचा चाकांवरचा. त्याने त्याच ऑलिम्पिकमध्ये देशाला १९४८ नंतरचं पहिलं हिवाळी सुवर्ण मिळवून दिलं.

भारतात चाकांच्या स्केटिंगला खेळाडूंची कमी नाही. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ३००० मीटर रिलेमध्ये पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी कांस्य मिळवलं. पुरुष संघातल्या चौघांपैकी सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे हे दोघे महाराष्ट्राचे. २०२४ च्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेत पदकतालिकेत लष्कर पहिलं, कर्नाटक दुसरं आणि महाराष्ट्र तिसरं होतं. बर्फ न पडणारी दोन राज्यं वरच्या तिघांत! त्यात मोठा वाटा लेहमधल्या आइस स्केटिंगचा होता.

अडतं कुठे?

जॅक्सनच्या गोष्टीतला एक भाग सांगताना लोक गाळतात. ओकालाने तिला पाय दिले, पण बर्फ मिळाला तो सॉल्ट लेक सिटीत. तिथे ४०० मीटरचं बंदिस्त बर्फाचं मैदान आहे. भारतात असं एकही नाही. आणि हा नुसता सोयीचा प्रश्न नाही. लांब पल्ल्याच्या स्पीड स्केटिंगमध्ये विश्वचषक मालिकेत उतरायचं तर ४०० मीटरच्या मैदानावर अधिकृत स्पर्धेत ठराविक वेळ नोंदवावी लागते. ती वेळ भारतात नोंदवताच येत नाही. म्हणजे पात्रतेची पहिली पायरीच परदेशात. गुजरातचा विश्वराज जडेजा याच कारणाने नेदरलँड्समध्ये जाऊन राहिला, वर्षानुवर्षं सराव केला, तरी ऑलिम्पिक त्याला हुकलंच.

छोट्या मैदानावरची शॉर्ट ट्रॅक शर्यत आपल्याला जास्त जवळची आहे. तिला ६० बाय ३० मीटरचा रिंक पुरतो, आइस हॉकीच्या मैदानाएवढा. असा रिंक देहरादूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधला. स्पर्धा संपल्या आणि तो दहा वर्षांहून अधिक काळ जवळजवळ बंद राहिला, कारण रिंक बांधण्याइतकंच तो रोज गोठवणं खर्चिक असतं. तो पुन्हा सुरू झाला २०२५ मध्ये, आणि ऑगस्टमध्ये तिथे आशियाई खुली शॉर्ट ट्रॅक स्पर्धा झाली. त्या चौदा वर्षांत स्केटिंगपटूंची एक पूर्ण पिढी वयाने बाद झाली. हार्बिनचं शून्य समजून घ्यायचं तर खेळाडूंकडे पाहण्याआधी या बंद दाराकडे पाहायला हवं.

नगरच्या पालकांसाठी याचा अर्थ काय?

चाकांच्या स्केट्सवर मूल आठ-नऊ वर्षांचं असताना पाय ठेवतं. चौदा-पंधराव्या वर्षी ते चांगलं धावायला लागतं आणि नेमकी तेव्हाच दहावी येते. पालक विचारतात, पुढे काय? आजचं प्रामाणिक उत्तर असं, की रोलर स्केटिंगमध्ये शालेय आणि राष्ट्रीय स्पर्धांची शिडी आहे, आशियाई पदकापर्यंत नेणारी. ऑलिम्पिक नाही. ऑलिम्पिकचा खेळ बर्फावर आहे आणि त्यासाठी नगरहून सव्वाशे किलोमीटरवरचं पुणे गाठून भागत नाही, गुरुग्राम किंवा देहरादूनला जावं लागतं. तिथलं राहणं, खाणं, शाळा आणि रिंकचं भाडं बहुतांश घरच्याच खिशातून. कुस्तीला गावोगाव तालीम आहे, बर्फाची तालीम राज्यात उभीच राहिलेली नाही.

सरकारी नोकऱ्यांतलं ५ टक्के क्रीडा आरक्षण आणि दहावी-बारावीचे सवलतीचे गुण अनेक घरांत मुलाला खेळात ठेवण्याचं कारण असतात. पण त्या जोरावर मूल अठराव्या वर्षापर्यंत टिकतं तेव्हा बर्फावर तंत्र बदलण्याची सोपी वर्षं निघून गेलेली असतात. पाते चाकासारखं पकडत नाही, ते कडेवर उभं राहतं. घोट्याला हे शिकायला वेळ लागतो. जॅक्सनने पंचविशीत ते जमवलं, पण तिला रोज बर्फ मिळत होता.

इटलीतल्या मिलान-कोर्टिना हिवाळी ऑलिम्पिकची सुरुवात ६ फेब्रुवारी २०२६ ची. भारताचा चमू याही वेळी बोटांवर मोजण्याइतकाच, आणि पदकाची अपेक्षा कोणी धरलेली नव्हती. पाहण्यासारखी गोष्ट त्यानंतरची आहे: देहरादूनचा रिंक या वेळी तरी वर्षभर गोठलेला राहतो का, आणि लेहला पदकं घेणाऱ्या महाराष्ट्राच्या मुलांना तिथे महिना-दोन महिने ठेवण्याचा खर्च राज्याचं क्रीडा खातं उचलतं का. २०३० चं ऑलिम्पिक फ्रेंच आल्प्समध्ये आहे. आज नगरमध्ये चाकांवर धावणारं तेरा वर्षांचं मूल तेव्हा सतरा-अठराचं असेल.