मानांकन गणिताचे, मैदान गल्ल्याचे

निवड समितीची बैठक म्हटली की आपल्याला आठवते ते बंद दार आणि दाराबाहेरची ‘कोणाचा माणूस आत शिरला’ ही कुजबुज. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या आइस हॉकीत या कुजबुजीला फारसा वाव उरलेला नाही. तिथल्या कॉलेज-क्रीडा चालवणाऱ्या ‘एनसीएए’ या संघटनेच्या पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत सोळा संघ खेळतात. सहा लीगांचे विजेते थेट येतात; उरलेल्या दहा जागा आकडेमोडीने भरतात. ही आकडेमोड अनेक वर्षे ‘पेअरवाइज’ या नावाने चाले. प्रत्येक संघाची इतर प्रत्येक संघाशी जोडी लावायची आणि आपसातले सामने, समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची कामगिरी व ‘आरपीआय’ नावाचा निर्देशांक यांवर त्या जोडीतला सरस कोण ते ठरवायचे. २०२५-२६च्या हंगामापासून तिच्या जागी ‘एनपीआय’ हे नवे सूत्र आले. सूत्र जाहीर असल्याने समितीने यादी वाचायच्या आधीच चाहत्यांनी ती मांडून ठेवलेली असते.

आरपीआयचा हिशेब मात्र अजब होता. स्वतःच्या विजयांना भार २५ टक्के, प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांना २१ आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांना ५४! निम्म्याहून जास्त नशीब ज्यांच्याशी आपण कदाचित खेळलोही नाही त्यांच्या हाती. पण हा अजबपणा सर्वांना सारखाच लागू होता, आणि तेवढे पुरेसे असते.

२०१३ साली येलचा संघ आपल्या लीगच्या उपांत्य फेरीत युनियनकडून ५-० असा हरला, पाठोपाठ तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात क्विनिपिअॅककडून ३-०. आता येलचे भवितव्य दुसऱ्याच एका लीगच्या अंतिम सामन्यावर लटकले होते. तिथे मिशिगन जिंकले असते तर येल बाहेर. नोत्र दामने मिशिगनला हरवले आणि येल शेवटच्या जागेवर आत आले. पुढे बलाढ्य मिनेसोटाशी बरोबरी झाली, जादा वेळ सुरू झाला आणि नवव्या सेकंदाला येलने गोल केला. पिट्सबर्गच्या अंतिम सामन्यात समोर पुन्हा तेच क्विनिपिअॅक: स्पर्धेचे अव्वल मानांकित आणि त्या हंगामात येलला तीनदा हरवलेले. येलने तो सामना ४-० असा मारला. ‘आत कसे आले?’ असे विचारायची कोणाची छाती झाली नाही, कारण उत्तर कागदावर होते.

एवढे स्वच्छ गणित स्थळ ठरवताना कुठे जाते? सोळा संघांचे चार विभाग होतात, आणि विभागीय फेऱ्यांची ठिकाणे व यजमान कॉलेजे आधीच ठरलेली असतात. यजमान संघ पात्र ठरला की त्याला त्याच्याच विभागात खेळवायचे, मग त्याचे मानांकन काही का असेना. आणि खुर्च्या भरतील अशी फिरवाफिरव करायला समिती मोकळी.

२०१५ साली प्रॉव्हिडन्स कॉलेज असेच शेवटच्या जागेवर आत आले. प्रॉव्हिडन्स शहरातल्या विभागाचे यजमान होते ब्राउन विद्यापीठ, त्यामुळे यजमानपदाचा नियम या कॉलेजला लागूही नव्हता. तरी त्याला चौथे मानांकन देऊन तिथेच ठेवले गेले. विभागात पहिले मानांकन मिळवलेला मायामीचा संघ ओहायोहून आला, तो चौथ्या मानांकिताच्या गावात, चौथ्या मानांकिताच्या गर्दीसमोर खेळायला. निकाल ७-५, प्रॉव्हिडन्सच्या बाजूने. पुढे डेन्व्हरला आणि बॉस्टनमधल्या अंतिम सामन्यात बॉस्टन विद्यापीठाला हरवून त्यांनी विजेतेपदही घेतले. ते खेळून मिळवलेले आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद मायामीच्या तक्रारीचा आहे, आणि तो रास्त आहे.

गंमत अशी की याच निवडीच्या सूत्रात त्या हंगामात परक्या रिंकवरच्या विजयाला १.२ गुण होते आणि घरच्या विजयाला ०.८. म्हणजे बाहेर जाऊन जिंकणे घरी जिंकण्याच्या दीडपट मोलाचे, हे त्यांच्याच कागदावर लिहिलेले. वर्षभर ज्या फायद्याची दशांशात वजाबाकी करायची, तोच मार्चमध्ये शेवटच्या संघाच्या पदरात टाकायचा, हा कुठला न्याय?

तटस्थ ठिकाण सर्वांना सारखे, असा बचाव केला जातो. ठिकाण खरोखर तटस्थ असेल तर ते ठीकच. पण तिथे बहुधा खुर्च्या रिकाम्या राहतात आणि मग गल्ला भरण्यासाठी जवळचा संघ शोधावा लागतो. तोडगा दूर शोधायला नको. एनसीएएच्याच महिलांच्या स्पर्धेत वरच्या मानांकनाचे चार संघ सुरुवातीच्या फेऱ्या आपल्या रिंकवर भरवतात. मानांकनाचे बक्षीसही मिळते आणि प्रेक्षकही. पुरुषांच्या समितीने हा नियम जसाच्या तसा उचलावा.